शोभेल अशी आरोपी

कायद्याचं शिक्षण घेत असताना मला बऱ्याच वेळा शिक्षा झाली. एकदा सोन्याची पाटली चोरली म्हणून, एकदा नुकतंच जन्मलेलं मूल टाकून दिलं म्हणून, एकदा हातभट्टीची दारू विकली म्हणून. प्रत्येक वेळी पुरावा भक्कम होता आणि प्रत्येक वेळी माझ्या वकिलानं कोर्टापुढं दयेची याचना केली. हे सगळे गुन्हे सोलापुरातल्या एका लॉ कॉलेजच्या वरच्या मजल्यावर, रविवारी सकाळी, चहाच्या आधी शाबीत झाले. इतक्या वर्षांनी सांगतानाही माझं डोकं तापतं, आणि ते तापू नये असं मला मुळीच वाटत नाही.

मूट कोर्ट म्हणजे विद्यार्थ्यांचं लुटुपुटूचं न्यायालय. एक जण न्यायाधीश, दोघं वकील, कुणी फिर्यादी, कुणी साक्षीदार, कुणी आरोपी. खटला खोटा आणि कलमं खरी. हॉलमध्ये टेबलावर हिरवं कापड अंथरायचं, दोन बाक आडवे लावून आरोपीचा पिंजरा करायचा. आमच्या कॉलेजाचा नियम असा होता की प्रत्येकानं वर्षातून एकदा तरी उभं राहून बाजू मांडली पाहिजे. मांडली नाही तर टर्म मंजूर नाही, आणि टर्म मंजूर नाही तर परीक्षेला बसता येत नाही. नियमात वाईट काही नव्हतं. बाजू कुणी मांडायची आणि पिंजऱ्यात कुणी उभं राहायचं हे ठरवणारा माणूस मात्र एकच होता, ते आमचे सर.

सर जिल्हा न्यायालयात वकिली करायचे. अकरा वाजता त्यांना कोर्टात उभं राहायचं असे, म्हणून कॉलेज सकाळी सातला भरे. तरुणपणी त्यांनी हौशी नाटकांत कामं केली होती आणि ती हौस अजून फिटली नव्हती. मूट कोर्टाच्या वाटपाला ते पात्रयोजना म्हणत. "भूमिका माणसाला शोभली पाहिजे," हे त्यांचं आवडतं वाक्य. न्यायाधीश म्हणून उंच, गोरा, शुद्ध बोलणारा मुलगा शोभायचा. वकील म्हणून वकिलांची, डॉक्टरांची, पेठेतल्या व्यापाऱ्यांची मुलं शोभायची. आम्ही बौद्ध, म्हणजे गावाच्या लेखी अजून महारच, त्यामुळं आरोपी म्हणून मी फार म्हणजे फारच शोभायची.

माझ्याबरोबर शोभणारा आणखी एक होता. तो मातंग समाजातला, वडील मिलमध्ये, तो स्वतःही रात्रपाळीला बदली कामगार म्हणून जायचा आणि सकाळी भोंगा झाला की तसाच कॉलेजात यायचा. केसांत कापसाचे तंतू अडकलेले असायचे. त्याचा आवाज खणखणीत. सरांनी तो आवाज पहिल्याच महिन्यात हेरला आणि त्याला पट्टेवाला केलं. आरोपीच्या नावाचा पुकारा करायचा, "हाजिर हो" म्हणायचं आणि दाराशी उभं राहायचं. "तुझ्यासारखा पुकारा खऱ्या कोर्टातसुद्धा कुणी देत नाही," असं सर त्याचं कौतुक करायचे. दोन वर्षं तो माणूस दाराशी उभा राहिला.

मी कायद्याला का आले ते सांगायला हवं, नाहीतर एवढ्याशा भूमिकेवरून ही बाई का भांडते असं वाटेल. माझे आबा रेल्वेत गँगमन होते. आम्ही होटगीला क्वार्टरमध्ये राहायचो, पण मूळचे नातेपुत्याकडचे. तिकडं आमच्या वाट्याचा वतनाच्या जमिनीचा तुकडा होता. कायद्यानं तो आमचा झाला होता, पण शेजारच्यानं तो कधीच नांगराखाली घातला होता. आबा वकील शोधत हिंडले. एका वकिलानं त्यांना ओट्याखाली उभं करून, स्वतः आत झोपाळ्यावर बसून, त्यांचं म्हणणं ऐकलं. मध्ये दार, मध्ये उंबरा, आणि आबांनी सगळं ओरडून सांगायचं, रस्त्यावरच्या माणसांच्या देखत. परत आल्यावर ते आईला म्हणाले, "आपल्या घरात एक वकील पायजेल." घरात शिकणारी मीच होते. मग मीच.

प्रवेश घ्यायला गेले तेव्हा कार्यालयातल्या कारकुनानं मला मास्तरीण होण्याचा सल्ला दिला. बी.ए. झालीस, बी.एड. कर, सरकारी शाळेत चिकट, कायद्यात काय ठेवलंय, वगैरे. सल्ला फुकट होता म्हणून मी तिथंच ठेवून आले. शहरात खोली बघायला गेले की घरमालक आडनाव विचारायचे, आणि आडनाव सांगितलं की खोली कालच गेलेली असायची. म्हणून मी रोज होटगीहून पहाटेच्या पॅसेंजरनं येत होते. गाडीला उशीर झाला की पहिल्या तासाची हजेरी गेली. मागच्या बाकावरून "सरकारचे जावई आले" असं कुणीतरी म्हणायचं. मी मुलगी, तर मला निदान सून तरी म्हणा, एवढं मी एकदा मागं वळून सांगितलं होतं. त्यानंतर जरा आवाज कमी झाला.

दुसऱ्या वर्षी आमच्या दोघांच्या लक्षात आलं की पाणी गळ्याशी आलंय. पहिल्या वर्षी सरांनी कानाडोळा करून टर्म दिली होती. या वर्षी प्राचार्य नवे होते आणि नियम पाळणार होते. त्यानं किंवा मी एकदाही बाजू मांडलेली नव्हती. मांडणार कशी? पट्टेवाला काय बाजू मांडणार आणि आरोपी तर बोलून चालून मुकी. टर्म गेली की वर्ष गेलं, वर्ष गेलं की फीची सवलत बंद. शिवाय पुढचं वर्ष, म्हणजे माझं तिसरं आणि शेवटचं वर्ष, सरलं की आबांची नोकरी संपत होती. क्वार्टर सोडून आम्ही नातेपुत्याकडं जाणार होतो, आणि तिथून रोज सकाळी सातला सोलापुरात हजर होणं पाखरालाही जमलं नसतं. म्हणजे ही टर्म गेली की माझं वकील होणं संपलं. त्याचंही तेच. त्याला मिलमध्ये कायम करायला तयार होते, पण दिवसपाळीला. तीन वर्षांच्या वर आणखी एक वर्ष रात्रपाळीची बदली करत राहणं त्याच्या घराला परवडणार नव्हतं.

मी सरांकडं गेले. म्हटलं, "सर, या वेळी मला वकील करा. कुठल्याही बाजूचा चालेल."

सर हसले. ते वाईट हसायचे नाहीत, हीच तर पंचाईत होती. "अगं, वकील काय, कुणीही होतं. आरोपी उभा करणं अवघड. तू उभी राहिलीस की खटला खरा वाटतो."

"पण सर, बाजू मांडल्याशिवाय टर्म नाही ना?"

"बघू. तुझ्या उच्चारांवर आधी थोडं काम करायला हवं. हाय-न्हाय कोर्टात चालत नाही."

मी हाय-न्हाय म्हणत नव्हते. घरी म्हणत होते. कॉलेजात जिभेला लगाम घालून बोलत होते. पण सरांच्या कानांना माझं आडनाव आधी ऐकू जायचं आणि मग बाकीचं.

"आणि त्याचं?" मी पट्टेवाल्याबद्दल विचारलं.

"त्याला काय झालंय? छान करतोय की तो." मग निघता निघता त्यांनी आठवण करून दिली, "रविवारी पाहुणे येणार आहेत, निवृत्त न्यायाधीश. मोलकरणीची केस आहे. जरा जुनं लुगडं नेसून ये. इस्त्रीची साडी नको."

तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हा. त्या दिवशी परतीच्या गाडीत मी खिडकीकडं तोंड करून बसले, कारण रागानं माझ्या डोळ्यांत पाणी येतं आणि लोकांना ते रडणं वाटतं.

घरी आबांना सगळं सांगितलं. ते हातपाय धुऊन बसले होते. मग म्हणाले, "म्हंजी वकिलाच्या साळंत तुला वकील हुऊ देत न्हाईत?"

"आरोपी करत्यात."

"या खेपंला काय चोरलंस?"

"बोरमाळ."

"बोरमाळ," आबा आईकडं बघून म्हणाले, "आपल्या सात पिढ्यांत कुनी डोळ्यानं बगितली हाय का?" आईला हसू आलं, मला नाही. तेव्हा ते गंभीर झाले. "रागानं उठून यिऊ नगंस. तू उठून आलीस की ते मोकळे. तितंच हुबी ऱ्हा."

उभं राहायचं तर पिंजऱ्यातच उभं राहायचं होतं. नवा फौजदारी प्रक्रिया कायदा तेव्हा नुकताच लागू झाला होता आणि सर अजून जुन्याच कायद्याचे कलम क्रमांक सांगायचे. मी तो नवा कायदा आणि संविधान घेऊन बसले आणि आरोपीबद्दल जे जे आहे ते वाचून काढलं. आजवर मी आरोपी होते ती खाली मान घालून उभं राहायला. आरोपीला काय काय करता येतं हे कुणी शिकवलं नव्हतं, आणि मीही ते सरांच्या नजरेनं बघत आले होते. आरोपीला आपल्या पसंतीचा वकील देता येतो. म्हणजे नापसंत वकील नाकारता येतो. आणि वकील नसेल तर आरोपीला स्वतः साक्षीदाराला प्रश्न विचारता येतात. पुस्तक मिटलं आणि मी आईला म्हटलं, माझी पांढरी साडी इस्त्रीला दे.

रविवारी त्या साडीत बघून सरांच्या कपाळाला आठी पडली, पण पाहुणे आले होते. निवृत्त न्यायाधीश कृश, कानाला हात लावून ऐकणारे गृहस्थ होते आणि त्या दिवशी न्यायाधीशाच्या खुर्चीत तेच बसले. पुकारा झाला. सरांनी माझ्यासाठी नाव निवडलं होतं ते नेहमीप्रमाणे आमच्याच वस्तीतलं, आडनावासकट. दाराशी उभ्या असलेल्या माझ्या मित्रानं ते नाव इतक्या जोरात पुकारलं की खाली रस्त्यावरची माणसं वर बघू लागली असतील.

सरकारी वकील झालेल्या मुलानं खटला मांडला. मालकिणीच्या माजघरातल्या कपाटातून बोरमाळ गेली. त्याच दिवशी मोलकरीण कामाला आली होती. बस, एवढंच. मग माझा वकील उठला. एका मोठ्या वकिलाचा मुलगा, स्वभावानं भला. त्यानं सुरुवातच अशी केली: "न्यायमूर्ती महाराज, माझी अशील गरीब आहे, अडाणी आहे, पोटासाठी तिच्या हातून हे घडलं..."

साक्षीपुरावा व्हायच्या आधीच माझ्या वकिलानं मला चोर ठरवलं होतं. त्यात त्याची लबाडी नव्हती. दोन वर्षं आम्ही हेच बघत होतो. पिंजऱ्यातली बाई निर्दोष असू शकते ही गोष्ट त्या हॉलमध्ये कुणाच्या डोक्यातच आली नव्हती, बचावाच्या वकिलाच्याही नाही. अशा शाळेत न्याय शिकून ही मुलं उद्या न्याय देणार होती.

मी म्हटलं, "महाराज, मला हे वकील नकोत. माझी बाजू मी मांडते."

हॉल हसला. सर उठून उभे राहिले. "अगं, हे असं ठरलेलं नाही."

पाहुण्यांनी कानाचा हात काढला. "प्राध्यापकमहाशय, हे नाटक आहे की कोर्ट?"

"कोर्टच आहे, साहेब."

"मग आरोपीला तो हक्क आहे. बसा आपण."

मी मालकिणीला उलटतपासाला बोलावलं. मालकीण झालेली मुलगी पेठेतल्या आडत व्यापाऱ्याची. घरात कानडी, बाहेर मराठी. माझ्याशी ती बरी वागायची, म्हणजे वही द्यायची आणि वही घेताना दुसरं टोक धरायची. साक्षीदारांना सर चार वाक्यं सांगून ठेवत. त्यापुढं ज्यानं त्यानं आपल्या मनानं बोलायचं असे. तिनं आपल्या घरचंच मनात धरलं असणार, दुसरं कुठून आणणार?

"तुमची मोलकरीण भांडी कुठं घासते?" मी विचारलं.

"परसात."

"घासलेली भांडी घरात कोण नेतं?"

"मीच. पाणी मारून घेते आणि नेते."

"पाणी का मारता?"

तिनं एकदा माझ्याकडं बघितलं आणि बांगड्या मागं सारल्या. मी पुढचा प्रश्न विचारला. "ती स्वयंपाकघरात येते?"

"नाही."

"माजघरात?"

"छे. आमच्यात तिला आत येऊ देत नाहीत." हे तिनं पटकन, अगदी ठामपणे सांगितलं. घराची अब्रू राखावी तसं.

"कधीच नाही? सणावाराला, आजारपणात?"

"कधीच नाही."

"मग माजघरातल्या कपाटापर्यंत तिचा हात कसा पोचला?"

हॉलमध्ये कुणी हसलं नाही. सरकारी वकील सरांकडं बघू लागला, सर खटल्याच्या कागदाकडं. त्यांनी स्वतः रचलेला खटला होता. आरोपीला आमची जात देताना ते एवढंच विसरले होते की ज्या घरात आम्हाला चोर समजतात त्या घरात आम्हाला चोरी करण्याइतकंसुद्धा आत घेत नाहीत.

न्यायाधीशांनी मला निर्दोष सोडलं. टाळ्या वाजल्या. मला आनंद व्हायला हवा होता, आणि झाला तो क्षणभरच. कारण मी सुटले कशामुळं? माझ्या विटाळामुळं. जी गोष्ट संविधानानं बंद केली, जिच्यावर सरांनी त्याच हॉलमध्ये तासभर व्याख्यान दिलं होतं, तीच माझा बचाव ठरली होती. ती गोष्ट साक्षीदारानं शपथेवर, भर कायद्याच्या वर्गात, कबूल केली होती. आणि एकाही भावी वकिलाच्या चेहऱ्यावरची रेषसुद्धा हलली नव्हती.

मी पिंजऱ्यातून हलले नाही. म्हटलं, "महाराज, साक्षीदारानं आत्ता जे सांगितलं, आत येऊ देत नाही म्हणून, त्याची नोंद कोर्ट घेणार का?"

पाहुण्यांनी पेनाला टोपण लावलं. मग सौम्यपणे म्हणाले, "तो मुद्दा या खटल्यात नाही, मुली."

चहा आला. मालकीण झालेली मुलगी माझ्याकडं न बघता जिना उतरून गेली. माझा वकील येऊन म्हणाला की त्याला हे सुचायला हवं होतं. मी म्हटलं, हो, हवं होतं.

दोन दिवसांनी टर्म मंजूर झालेल्यांची नावं सरांनी वर्गात वाचली. माझं नाव होतं. पट्टेवाल्याचं नव्हतं. मी तिथल्या तिथं उभी राहिले.

"सर, याचं नाव राहिलंय."

"राहिलं नाही. त्यानं बाजू मांडलेली नाही."

"मांडणार कुठं? आरोपीला निदान तोंड उघडायचा हक्क तरी आहे. पट्टेवाल्यानं कुठल्या कलमाखाली बोलायचं? तुम्हीच त्याला दाराशी उभं केलंत."

"नियम सगळ्यांना सारखा," सर म्हणाले. "तुला मिळाली ना? मग आता बस."

मी बसले नाही. आणखी एक रविवार द्या म्हटलं. टर्म संपली, असं उत्तर आलं. प्राचार्यांकडं गेले, तर त्यांनी सरांकडं पाठवलं. जिथं जावं तिथं सगळे मला सांगत होते की तू छान बोललीस, तुझं काम झालं, आता दुसऱ्याचं कशाला. एकटीला आत घेऊन दार लावून घ्यायची ही पद्धत मला तोवर माहीत नव्हती. पुढं आयुष्यभर पुरेल इतकी कळली.

तो स्टेशनच्या रस्त्यानं माझ्याबरोबर आला. मी तावातावानं बोलत होते, अर्ज करू, विद्यापीठात जाऊ. त्यानं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "बाई, तू परीक्षा दे. मला उद्यापासनं दिवसपाळी हाय."

"आणि पुस्तकं?"

"ऱ्हाऊ देत की तुझ्याकडं. मला आता कुटं लागनार हायेत." पुराव्याच्या कायद्याचं जाडजूड पुस्तक त्यानं माझ्या हातात दिलं आणि वळला. तो पुन्हा कॉलेजात आला नाही.

मी परीक्षा दिली, तिसरं वर्षही पार केलं, सनद घेतली, आबांच्या जमिनीचा दावाही मीच चालवला. सर म्हातारे झाले आणि त्यांचे सत्कार होऊ लागले. प्रत्येक सत्कारात ते त्या रविवारची गोष्ट सांगायचे: आपल्या कॉलेजानं गरीब, मागासलेल्या मुलीतून वकील कशी घडवली, स्वतः तिला कशी संधी दिली. सांगता सांगता त्यांचे डोळे भरून यायचे. लोक माझ्याकडं वळून बघायचे, हार माझ्याही गळ्यात पडायचा.

त्या गोष्टीत पट्टेवाला नसायचा. दाराशी कुणी उभंच नसायचं, नावाचा पुकारा आपोआप व्हायचा. म्हणून मी दर वेळी हार काढून ठेवायची, उभी राहायची आणि सगळ्यांसमोर विचारायची की सर, तो दाराशी होता त्याचं काय झालं ते सांगा. सर चष्मा पुसायचे, संयोजक आभार मानायला उठायचे. अलीकडं मला बोलावणं येत नाही.